काळ्या अंड्यांचा हिशेब

पाकीट उघडलं तेव्हा आतून पोस्टकार्डाएवढा एक जाड कागद निघाला. त्याच्या एका बाजूला काचपेपरवर असते तशी काळसर, खरखरीत पट्टी. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून तो उलटसुलट पाहिला.

"हे काय?"

"वीस हजार गांधीलमाश्या," मी म्हटलं.

अंगणात कपडे वाळत घालणाऱ्या वहिनींनी हातातला टॉवेल दोरीवर तसाच भिरकावला आणि दोन्ही पोरांना दंडाला धरून घरात नेलं. चूक माझीच. नाव ऐकलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ती वळचणीला पोळं करणारी, पिवळी, बारीक कमरेची माशी येते. पाकिटातली ही ट्रायकोग्रामा तिच्याच गणातली खरी, पण जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. छापील पूर्णविरामावर बसली तर दोघांत फरक कळायचा नाही. तिची नांगी माणसाच्या कातडीत शिरत नाही, ती पतंगाच्या अंड्याचं कवच भेदण्यापुरतीच असते. हे सगळं मी सांगेपर्यंत वहिनींनी खिडक्याही लावून घेतल्या होत्या.

मागच्या हंगामात याच वीस गुंठ्यांत टोमॅटो होता आणि दर सहा-सात दिवसांनी पंप पाठीवर होता. तरी तोडणीच्या वेळी पोखरलेल्या फळांचा ढीग बांधावर पडायचा तो पडलाच. फळ पोखरणारी अळी आपल्या नजरेला पडते तेव्हा तिचं डोकं फळात असतं आणि मागचं अंग बाहेर. एक फळ अर्धवट खाऊन ती दुसऱ्यावर जाते. मोठी झालेली अळी औषधाला सहज दाद देत नाही, आणि त्याच त्या औषधांचा मारा पिढ्यान्‌पिढ्या पचवलेली तर नाहीच. त्यात पान आतून पोखरत जाणाऱ्या नागअळीच्या पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा दर फवारणीगणिक कमी व्हायच्या सोडून वाढत होत्या. याचं कारण मला फार उशिरा कळलं. ते पुढे सांगते.

म्हणून फळ पोखरणाऱ्या अळीच्या आधीचा टप्पा, म्हणजे तिच्या पतंगाचं अंडं, धरायचा असं ठरवलं. ट्रायकोग्रामाची मादी पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते. आत तिची अळी वाढते, पतंगाच्या गर्भाचं खाऊन टाकते आणि आठवडा-दहा दिवसांनी त्या अंड्यातून पतंगाची अळी निघण्याऐवजी नवी माशी निघते. गोचीड गुराचं रक्त पिते, पण गुराला सहसा मारत नाही, कारण गूर मेलं तर तिचंही पोट गेलं. इथे तसा काही संकोच नाही. यजमान मेल्याशिवाय हिचं पोर मोठंच होत नाही.

कागदावरची ती काळी पट्टी म्हणजे धान्यात होणाऱ्या एका पतंगाची अंडी. प्रयोगशाळेत हा पतंग भरडलेल्या धान्यावर वाढवतात. त्याची अंडी अतिनील प्रकाशाखाली धरून आतला गर्भ मारतात, म्हणजे उद्या त्यातून भलतीच अळी निघायला नको. मग ती डिंकानं कागदावर चिकटवून ट्रायकोग्रामाच्या माद्यांपुढे ठेवतात. एक घनसेंटिमीटर अंडी म्हणजे साधारण अठरा ते वीस हजार. तीन-चार दिवसांत ती काळी पडतात, आणि काळी पडली की आत माशी आहे असं समजायचं.

बाबांनी हे सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे आजवर अंडी मारायला आपण पैसे घालवत होतो," ते म्हणाले, "आता अंडी विकत आणायला घालवतोय."

कार्ड मागवण्याच्या आधीचे दोन आठवडे मी फक्त अंडी बघायला शिकत होते. हे सांगायला सोपं वाटतं. मी टोमॅटोत वाढले, पण माझ्या आयुष्यात मी त्या पतंगाचं अंडं ओळखून पाहिलेलं नव्हतं. सगळ्यांना अळी माहीत असते, अंडं कुणालाच नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग घेतलं आणि सकाळी उन्हं तिरपी असताना वरच्या फुलांच्या घोसाच्या आसपासची पानं एकेक करून उलटी करत बसले. पहिले तीन दिवस धुळीचे कण, परागकण आणि पानावर वाळलेले औषधाचे डागच सापडले. चौथ्या दिवशी एक मोत्यासारखा दाणा दिसला. अर्ध्या मिलिमीटरचा, दुधी रंगाचा, घुमटासारखा, वरून खाली बारीक धारा असलेला. खरबुजाच्या फाकी असतात ना, तशा. एकटाच. हा पतंग पुंजक्यानं अंडी घालत नाही. एकेक करून सगळ्या प्लॉटभर पेरत जातो. तो दाणा एकदा दिसल्यावर मग दिसतच गेले. त्याच झाडावर आणखी दोन होते, आदल्या दिवशी मी तिथेच बसले होते.

उबदार हवेत हे अंडं तीन-चार दिवसांत फुटतं. आपल्या हातात असलेला वेळ तेवढाच. अळी बाहेर पडली की ट्रायकोग्रामा तिला काही करू शकत नाही. म्हणून कामगंध सापळे आधी लावावे लागतात. त्यातल्या गंधानं नर पतंग येतात, आणि नरांचा आकडा वाढायला लागला की माद्या अंडी घालायला लागल्या असं धरायचं. सापळ्यानं कीड संपते असं समजणारे पुष्कळ आहेत. एवढ्याशा प्लॉटमध्ये तसं होत नाही, सापळा म्हणजे दारावरची घंटा. तिसऱ्या दिवशी दोन नर, पाचव्या दिवशी अकरा. मी कार्ड मागवलं.

पहिली वेळ पूर्ण वाया गेली. एक नाही, तीन चुका एकदम केल्या.

कार्ड आलं त्या आठवड्यात घरात लग्नाची गडबड होती, म्हणून ते फ्रिजमध्ये ठेवून दिलं. चार-पाच दिवसांचे पंधरा झाले. थंडीत आतली वाढ मंदावते म्हणून थोडे दिवस ठेवता येतं, पण फार दिवस ठेवलं की कमी माश्या निघतात आणि निघालेल्यांच्या अंगात उडायचं बळ नसतं. दुसरी चूक, आठवडाभरापूर्वीच बाबांनी "एक शेवटचा हात" म्हणून पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक मारलं होतं. त्याचा अंश पानावर कितीतरी दिवस टिकतो, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या जिवाला तेवढा पुरतो. या दोन्ही गोष्टी मला नंतर कळल्या. तिसरी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच कळली.

संध्याकाळी कार्डाचे वीस तुकडे केले होते. वीस गुंठ्यांत वीस तुकडे, म्हणजे दर दहा मीटरवर एक, प्रत्येकात हजारेक अंडी. ही माशी वाऱ्यावर वाहून जाते ते सोडलं तर स्वतःहून फार लांब जात नाही, पानापानावर चालत फिरते. म्हणून जागा जवळजवळ हव्यात. स्टेपलरनं एकेक तुकडा पानाच्या खालच्या बाजूला लावला. सकाळी जाऊन पाहते तर पहिल्या तुकड्यावर फक्त डिंकाचा पिवळसर थर. दुसऱ्यावरही तेच. तिसऱ्यावर काम चालू होतं. लाल मुंग्यांची बारीक रांग खोडावरून वर, कार्डावरून खाली, आणि खाली जाणाऱ्या प्रत्येकीच्या तोंडात एक काळा ठिपका. मी उकिडवी बसून ती रांग बघत राहिले. वीस हजार माश्यांमधल्या निम्म्याअधिक रात्रीतून वारुळात गेल्या होत्या. बाबा मागे येऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत, नुसते उभे राहिले, आणि तेच जास्त लागलं.

दुसऱ्या कार्डाच्या वेळी कागदी पेले आणले. पेल्याच्या आत तुकडा चिकटवायचा, पेला उपडा करून तारेनं टोमॅटोच्या काठीला टांगायचा, आणि तारेला वंगण फासायचं. मुंगी वंगण ओलांडत नाही. उपड्या पेल्यामुळे पाऊस आणि दुपारचं ऊनही थेट लागत नाही. पेल्याला झाडाचं एकही पान टेकता कामा नये, नाहीतर तोच मुंग्यांचा पूल होतो. हे मला तीन पेले गमावल्यावर समजलं. पेले टांगायचे ते कार्डातून माश्या निघायच्या आदल्या संध्याकाळी. तारीख कार्डावर लिहिलेली असते. निघण्याआधी चार दिवस टांगून ठेवणं म्हणजे मुंग्या, कोळी आणि ढालकिडे यांना जेवणाचं आमंत्रण देणं.

या वेळी एक तुकडा मी शेतात न नेता काचेच्या बरणीत घातला आणि तोंडाला तलम कापड बांधलं. हा सल्ला मी प्रत्येकाला देते. शेतात काही झालं नाही तर दोष कार्डाचा की शेताचा, हे बरणीवरून कळतं. तिसऱ्या दिवशी बरणीच्या उजेडाकडच्या बाजूला धूळ बसल्यासारखं दिसलं. भिंग लावलं तर धूळ चालत होती. नर आधी निघतात आणि तिथेच थांबतात. माद्या बाहेर येताच बहुतेक वेळा तिथल्या तिथेच त्यांचं मीलन होतं, म्हणजे पुष्कळदा बहीणभावातच. वहिनी तोपर्यंत बरणीजवळ यायला लागल्या होत्या, पण हे ऐकून "शी!" म्हणून परत गेल्या. मादीचं अंडं फलित झालं तर मादी होते, न झालेल्या अंड्यातून नर. मीलन न झालेली मादीही अंडी घालते, फक्त तिला सगळे मुलगेच होतात.

शेतातून आणलेलं एक दुधी अंडं पानासकट मी त्याच बरणीत सोडलं. अर्ध्या तासानं एक मादी त्यावर चढली. आधी ती त्या घुमटावरून गोल गोल चालत होती, डोक्यावरच्या शृंगिका टपटप आपटत. भिंत आतून पोकळ आहे का ते बघायला गवंडी ठोकून पाहतो ना, थेट तसं. अंड्याचा आकार ती या चालण्यातून मोजते आणि त्यावरून आत आपली किती अंडी घालायची ते ठरवते. मग एका जागी थांबली, पोट खाली वाकवलं आणि कितीतरी वेळ हललीच नाही. मी श्वास रोखून बघत होते. उतरल्यावर पुन्हा एक फेरी मारली आणि निघून गेली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते अंडं शाईचा थेंब पडावा तसं काळं झालं.

बरणीत सगळं छान होतं. शेतात मात्र सोडल्यापासून पहिले सहा दिवस काहीच दिसत नाही, आणि या सहा दिवसांत माणसाची परीक्षा होते. अंडी दिसत होती, त्यातल्या काहींच्या अळ्या झालेल्याही दिसत होत्या, आणि पंप ओसरीवर भरलेला उभा होता.

"अळी समोर दिसतेय आणि तू हात बांधून बसलीस," बाबा दर सकाळी म्हणायचे.

"हात बांधून नाही बसले, मोजतेय."

"मोजून मरतात का त्या?"

त्यांचंही खोटं नव्हतं. ट्रायकोग्रामाच्या तावडीतून सुटलेल्या अळ्यांचं काहीतरी करायलाच हवं होतं. लहान अळ्यांसाठी मी संध्याकाळी बॅसिलस थुरिंजिएन्सिस फवारलं. तो जिवाणू अळीच्या पोटात गेला तरच काम करतो, माश्यांना त्याचा त्रास होत नाही. मोठ्या अळ्या हातानं वेचल्या. वेचायला बाबाच आले. त्यांना काहीतरी मारल्याचं समाधान हवं होतं, ते मिळालं.

त्याच दिवसांत मी वाचलं की १९२६ साली इंग्लंडमध्ये एका माळ्याला काचघरातल्या टोमॅटोवर पांढऱ्या माशीच्या पिल्लांमध्ये काही काळी पडलेली दिसली. इतरांनी ती पानं तशीच धुऊन टाकली असती. त्यानं ती दाखवली. ती एन्कार्सिया फॉर्मोसा नावाच्या चिमुकल्या माशीनं काळी केलेली निघाली, आणि चेशंटच्या संशोधन केंद्रानं पुढची काही वर्षं ती वाढवून बागायतदारांना पुरवली. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीसारखी औषधं आली तशी ती अडगळीत गेली. किडी औषधांना जुमानेनाशा झाल्यावर, १९७०च्या सुमारास, लोक पुन्हा तिच्याकडे वळले. मी हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "त्या माळ्याकडे पंप नसेल."

सातव्या दिवशी पहिलं काळं अंडं सापडलं. मी ओरडलेच. बाबा आले, भिंग घेतलं आणि म्हणाले, "हे तर फुटायला आलंय." बरोबर होतं त्यांचं. फुटायच्या आधी निरोगी अंडंही काळपट होतं, कारण आतल्या अळीचं काळं डोकं कवचातून दिसतं. पण ते वरच्या टोकाला गडद आणि बाकी मळकट असतं. माशीनं घेतलेलं अंडं सगळीकडून सारखं काळं, चकचकीत. शेजारच्या झाडावर दुसरं सापडलं, तसलं. मग भेंडीच्या दोन ओळींवर बरीच. टोमॅटोपेक्षा भेंडीवर काळी अंडी जास्त का, याचं उत्तर टोमॅटोच्या पानात आहे. टोमॅटो हाताळल्यावर बोटं हिरवी-चिकट होतात, ती त्याच्या लवेतल्या ग्रंथींमुळे. आपल्याला बोटं धुवावी लागतात इतकंच, पण एवढ्याशा माशीला ते चिखलाचं जंगल असतं. तेव्हापासून मी टोमॅटोतले पेले शेंड्याकडच्या फुलांच्या उंचीवर टांगते आणि कार्ड दर आठवड्याला सोडते. एकदा सोडून मोकळं होता येत नाही. सोडलेली माशी थोडेच दिवस जगते आणि पतंगाचं अंडी घालणं काही त्या तारखांना थांबत नाही. फुलं लागल्यापासून सहा आठवडे, सहा कार्डं.

चौथ्या आठवड्यात आकडे घसरले. मी पेले तपासले, वंगण तपासलं, बरणीतला तुकडा तपासला. सगळं ठीक. मग वहीतली तारीख पाहिली. पाच दिवसांपूर्वी भुरीसाठी गंधक मारलं होतं. मी स्वतः, बाबांनी नाही. कीटकनाशक नव्हे, बुरशीनाशक, तेही जुनं, साधं, म्हणून दुसरा विचारच केला नाही. गंधक ट्रायकोग्रामाला मारतं. औषधाच्या डब्यावर 'कीटक' हा शब्द नसला म्हणजे ते कीटकांना निरुपद्रवी असतं, असं कुणी कुठेही लिहिलेलं नाही. ते आपणच गृहीत धरतो. एक कार्ड गेलं.

टोमॅटोच्या पलीकडे कोबीचे चार वाफे होते. तिथे मी काहीच सोडलेलं नव्हतं. एका सकाळी पानावर कोबीच्या पांढऱ्या फुलपाखराची एक सुस्त अळी आणि तिच्या कुशीला लागून पिवळ्या रेशमी अंड्यांचा घोस दिसला. मी काडीनं तो घोस खरवडून पायाखाली चिरडला. पुढच्या वाफ्यात आणखी एक, तोही. तिसऱ्यापाशी आल्यावर मात्र थांबले. अळी कधी अंडी घालते? अंडी घालायची ती फुलपाखरानं. ते घोस कोटेशिया ग्लोमेरेटा नावाच्या माशीचे कोष होते. ही माशी अंड्याच्या वाटेला जात नाही, कोवळ्या अळीच्या अंगात एकदम वीस-तीस अंडी घालते आणि सोबत एक विषाणूही सोडते, त्यामुळे अळीच्या रक्ताची लढायची ताकद मोडते. वाढ पूर्ण झाली की सगळी पिल्लं अळीची कातडी फोडून बाहेर येतात आणि तिथेच कोष विणतात. अळी तेव्हा मेलेली नसते. ती त्या कोषांवर स्वतःच्या तोंडातलं रेशीम पसरते आणि कुणी जवळ आलं तर डोकं झटकते. जिनं पोखरलं तिच्याच पिल्लांची राखण. मी हे अंगणात बसून सगळ्यांना सांगितलं. कुणी जेवेना.

माझ्या त्या चुकीला निदान परंपरा आहे. इटलीतल्या उलिस्से आल्द्रोवांदी या निसर्गअभ्यासकानं १६०२ साली असेच कोष पाहिले आणि ती अळीची अंडी आहेत असं लिहिलं. खरा प्रकार लोकांच्या ध्यानात यायला त्या शतकाचा शेवट उजाडला. मला एका सकाळीत कळलं, पण तोवर दोन घोस चिरडून झाले होते.

आता नागअळीचं. पायरेथ्रॉइड बंद होऊन पाच-सहा आठवडे झाल्यावर पानावरच्या त्या पांढऱ्या रेघा अर्ध्यावरच थांबलेल्या दिसायला लागल्या. रेघ सुरू व्हायची, वळायची आणि मध्येच संपायची. असं एक पान उजेडापुढे धरून भिंगातून पाहिलं. आत नागअळी मेलेली, चपटी. तिच्याजवळ एक छोटा कोष, आणि त्याच्या भोवती काळे बारीक खांब, पानाच्या खालच्या पापुद्र्यापासून वरच्यापर्यंत. डिग्लिफस नावाच्या माशीची अळी कोषात जाण्याआधी स्वतःच्या विष्ठेचे हे खांब उभे करते, म्हणजे पान सुकून छत खाली आलं तरी आपण चिरडायला नको. ही माशी आम्ही आणली नव्हती. ती कायम इथेच होती, आजूबाजूच्या तणात, बांधावर. दर सहा दिवसांनी आम्हीच तिला मारत होतो. नागअळी पानाच्या आत सुरक्षित, तिला खाणारी पानावर उघडी. म्हणून दर फवारणीगणिक रेघा वाढत होत्या. त्या खांबांसमोर मी जितका वेळ घालवला तितका कुठल्याच कार्डापुढे नाही.

या सगळ्या माश्यांना स्वतःला फुलातला मध लागतो, आणि त्यांचं तोंड आखूड म्हणून खोल फुलं चालत नाहीत. कोथिंबीर, शेपू, बडीशेप यांची छत्रीसारखी उघडी फुलं त्यांना जमतात. मी बांधाच्या कडेच्या कोथिंबिरीच्या दोन ओळी न काढता तशाच फुलू दिल्या. एका दुपारी बाबा त्या ओळींपाशी उभे दिसले. मला वाटलं उपटायला आलेत. ते फुलांवर वाकून भिंगातून बघत होते आणि पुटपुटत होते, "विकायची सोडून फुलवतेय. आणि गर्दी बघा, जत्रा भरलीय."

हंगाम संपला तेव्हा पोखरलेली फळं होती, पण मागच्या ढिगापेक्षा ढीग लहान होता. रासायनिक फवारे दोनच झाले, तेही पिकाच्या एका कोपऱ्यापुरते. मला खरा अभिमान वहीचा होता. वीस झाडं, दर तिसऱ्या दिवशी, वरची पानं. एकूण अंडी किती आणि त्यातली काळी किती. शेवटच्या पंधरवड्यात शंभरातली सत्तर काळी. मी ते पान बाबांपुढे ठेवलं.

ते बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "पांढरं अंडं किती दिवस पानावर राहतं?"

"तीन. फार तर चार."

"आणि काळं?"

मी गप्प. काळं झालेलं अंडं माशी निघेपर्यंत आणखी चार-सहा दिवस राहतं, आणि माशी निघून गेल्यावरही भोक पडलेलं काळं कवच तिथेच चिकटून असतं. म्हणजे पांढरं माझ्या मोजणीत एकदाच यायचं आणि काळं तीन-चारदा. दर फेरीला मी जुन्या काळ्यांना पुन्हा पुन्हा धरत होते. सत्तर हा आकडा फुगलेला होता आणि किती फुगलेला ते वहीवरून कळायला मार्ग नव्हता.

"तू मोजत होतीस ना," बाबा म्हणाले, पण पूर्वीसारखं नाही.

आता पुढच्या लागवडीत पद्धत बदलली आहे. शेतात काळी अंडी मोजतच नाही. फक्त पांढरी, दुधी अंडी पानाच्या तुकड्यासकट तोडून आणायची, एकेका छोट्या बाटलीत एकेक ठेवायची, बाटलीवर तारीख घालायची आणि काय निघतं ते बघायचं. तोडलेल्या अंड्यावर पुढे एखादी माशी बसली असती ती बसत नाही, म्हणून हा आकडा उलट थोडा कमीच येतो, पण फुगत तर नाही. पहिल्या खेपेला तीस बाटल्या लावल्या. तेरा काळी झाली, पंधरांतून अळ्या निघाल्या, दोन सुकून गेली. बाटल्यांची रांग स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. तिथे उजेड चांगला येतो म्हणून ती जागा वहिनींनीच दिली, आणि सकाळी चहा ठेवताना त्याच आधी बघून सांगतात, कितवी काळी झाली ते.